सवयींतून शील: साताऱ्याच्या बोर्डिंगाची हकीकत

मुलांच्या अंगीं सद्गुण बाणवावे कसे, हा प्रश्न शिक्षणाइतकाच जुना आहे. सुभाषितें पाठ करून घ्यावीं, थोरांचीं चरित्रें वाचून दाखवावीं, चुकल्यास शासन करावें, हे मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु पाठांतर परीक्षेबरोबर ओसरतें, आणि शिक्षक दृष्टीआड होतांच शिक्षेचें भयहि सरतें. रोजच्या वागणुकीनें जें अंगवळणीं पडतें, तें मात्र बहुधा जन्मभर टिकतें. हें ओळखून कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं एक विशाल शिक्षणसंस्था उभारली. तिच्या आरंभींच्या दिवसांचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजीं कुंभोज येथें एका जैन कुटुंबांत झाला. विद्यार्जनासाठीं ते कोल्हापुरास आले व तेथील जैन बोर्डिंगांत राहूं लागले. राजर्षि शाहू छत्रपतींच्या प्रेरणेनें 1901 सालापासून त्या नगरींत निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघत होतीं. शतकानुशतकें विद्येस मुकलेल्या समाजांना त्यामुळें शाळेचा मार्ग मोकळा झाला, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि ज्याचें त्याचें वसतिगृह वेगळें, म्हणून पंगतहि वेगळीच राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहांतील एका समारंभास तरुण भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीचें स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें. परिणामीं त्यांना बोर्डिंग सोडावें लागलें. पुस्तकांतील समता आणि पंगतींतील वागणूक यांमध्यें केवढें अंतर असतें, याचा तो प्रत्यक्ष धडा होता.

पुढें किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रसार करीत ते खेडोपाडीं हिंडले. शेतकऱ्यांच्या घरचें अज्ञान व दारिद्र्य त्यांनीं जवळून पाहिलें. 1919 सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि 1924 मध्यें संस्थेचें ठाणें साताऱ्यास हलवून तेथें सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठीं एकच वसतिगृह चालविलें. एकच चूल आणि एकच पंगत हें या वसतिगृहाचें वैशिष्ट्य होतें.

तेथील दिनक्रमांत नीतीच्या तासास विशेष स्थान नव्हतें, कामास होतें. पाणी भरणें, धान्य निवडणें, स्वयंपाक करणें, भांडीं घासणें, आवार झाडणें, शेतांत खपणें, हीं सारीं कामें मुलें पाळीपाळीनें करीत. आज ज्यानें भाकरी थापली त्याची जात कोणती, असा प्रश्न भुकेल्या मुलास सुचण्यापूर्वींच भाकरी पानांत पडलेली असे. समतेवर शंभर व्याख्यानें देऊन जें साधलें नसतें, तें दिवसांतून दोनदां मांडलेल्या पंगतीनें हळूहळू साधलें. मन प्रथम कुरकुरतें. पुढें तें हाताच्या मागून जाऊं लागतें. सवयीचें सामर्थ्य हेंच आहे.

परंतु सवय लावणाऱ्यांनीं स्वतः प्रथम ती अंगीं बाणवावी लागते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या जुन्या वळणाच्या, सोवळेंओवळें पाळणाऱ्या घरांतून आलेल्या होत्या. सर्व जातींच्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरांत घेणें त्यांना सोपें गेलें नसेल. तरी त्यांनीं आपलें मन वळविलें आणि त्या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहाची ओढाताण होई तेव्हां त्यांनीं अंगावरील दागिने एकेक करून मोडले, आणि अखेरीस मुलांच्या पोटासाठीं मंगळसूत्रहि दिलें. 1930 सालीं त्यांचें निधन झालें. त्यागावरील कोणता धडा त्या मुलांना याहून स्पष्ट वाचतां आला असता?

1927 मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें या वसतिगृहाचें श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस असें नामकरण झालें. 1932 मध्यें पुण्यास युनियन बोर्डिंग निघालें. खेड्यांतील शाळांना त्याच वळणाचे शिक्षक हवेत, हें जाणून 1935 सालीं साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू करण्यांत आलें. 1940 मध्यें महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्यें छत्रपति शिवाजी कॉलेज हीं स्थापन झालीं. श्रम करून शिकण्याची जी पद्धत वसतिगृहांत रुजली, तीच 'कमवा व शिका' या नांवानें पुढें हायस्कुलांत व कॉलेजांत गेली.

कामांत वेळ गेल्यानें अभ्यासाची हानि होते, अशी शंका या पद्धतीविषयीं साहजिक आहे, आणि कामास प्रमाण नसेल तर ती खरीहि ठरते. पण भाऊरावांचा विचार निराळा होता. गरीब मुलास फुकट शिकविलें तर त्याला विद्या मिळते, परंतु मान खालीं राहते. स्वतःच्या घामानें जो शिकतो, त्याला विद्येबरोबर स्वाभिमानहि लाभतो. श्रमानें केवळ खर्च भागावा, एवढाच त्यांचा हेतु नव्हता. ताठ मानेनें उभा राहणारा मनुष्य त्यांना घडवावयाचा होता.

9 मे 1959 रोजीं भाऊरावांनीं देह ठेवला. त्यांच्या कार्यांतून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि घेण्यासारखें पुष्कळ आहे. ज्या घरीं मुलाचें ताट दुसरा कोणी उचलतो, अंथरूण दुसरा कोणी घालतो आणि चूक झाल्यास उपदेश मात्र वडील करतात, त्या घरांत नीतिपाठांची वाण नसते. वाण असते ती रोजच्या अभ्यासाची. आपलें ताट आपण घासावें, केर काढण्याची लाज वाटूं देऊं नये, आणि शेजारीं बसलेल्याची जात न विचारतां त्याच्या पानांत आपल्यांतील अर्धी भाकरी वाढावी, इतक्या साध्या गोष्टींवर साताऱ्याच्या त्या वसतिगृहाचा पाया घातला गेला होता.