बेंजो पथक

बेंजो पथक : बुलबुलतरंग या वाद्याच्या विद्युत् रूपावर मुख्य चाल वाजवून तिला ढोलकी, ताशा, कच्छी ढोल इ. तालवाद्यांची साथ देणारा मुंबईतील वादकवृंद. त्यास ‘बेंजो पार्टी’ असेही म्हणतात. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागांतील गणेशोत्सवाच्या मिरवणुका, हळदी व वराती हे त्याचे प्रमुख प्रसंग होत.

येथील बेंजो रचनेने चर्माच्छादित अमेरिकन बँजोहून सर्वस्वी भिन्न आहे. नागोया (जपान) येथे मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये तयार केलेले ताइशोगोतो हे त्याचे मूळ रूप. यात टंकलेखनयंत्रासारख्या कळा डाव्या हाताने दाबून उजव्या हातातील नखीने तारा छेडतात. कळांमुळे स्वरस्थाने निश्चित असल्याने मुक्त मींड घेणे कठीण जाते. म्हणून नखीच्या द्रुत आघातांनी स्वर लांबविला जातो. वाद्याचा मूळ नाद क्षीण असल्याने तो ताशापुढे टिकत नाही. तारांखाली चुंबकीय ध्वनिग्राहक बसवून विवर्धक व कर्णे जोडल्यावर मात्र हे घरगुती वाद्य रस्त्यावरील मिरवणुकीत आले.

गिरणगावातील कामगारांनी कोकण व देशावरून भजन, नमन, जाखडी, लेझीम हे प्रकार आणले. कोळीगीते मुंबईच्या कोळीवाड्यांत होतीच. याच वस्तीत अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने (१९४४) लोकसंगीतातून राजकीय प्रबोधन केले. तेथे शब्द प्रधान होता. बेंजो पथकात गायक नसला तरी चालते, कारण शब्द श्रोत्यांना पाठ असतात. कोळीगीते, आरत्या व चित्रपटगीते एकाच ओघात वाजविली जातात.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तरी चाळींतील उत्सवमंडळे टिकून राहिली व वादकांना हंगामी मिळकत देत राहिली. १९८५ मध्ये रोलँड कंपनीने आणलेला ऑक्टोपॅड व विद्युत् कळफलक यांचाही पुढे पथकांत समावेश झाला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिवर्धकांवर निर्बंध घातले. ठराविक सणांना राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ध्वनिमुद्रित संगीताची स्पर्धाही या वादकांपुढे उभी राहिली. रवी जाधव दिग्दर्शित बँजो (२०१६) या हिंदी चित्रपटाचा विषय हेच वादक आहेत.

गिरणगावाची कामगारवस्ती विरळ होत असता तिच्या सामूहिक स्मृती चालींच्या रूपाने जपणे, हे या पथकांचे सांस्कृतिक महत्त्व होय.