आकडा लपतो कुठे? मुंबईचा प्लेग, १८९६

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी बंदराजवळच्या वस्तीत, जिथे धान्याची गोदामं होती तिथे, ताप आणि जांघेत गाठ येऊन माणसं मरायला लागली. हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे. धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे, शेजारून रोज हजारो लोक जातात.

पण माझा विषय डॉक्टर नाही, आकडा आहे. प्लेगचे रोगी नेमके किती, हे पालिकेला कळत होतं का?

नव्हतं. कारण रोगी सापडला की त्याला उचलून इस्पितळात नेणार, अंथरूण-पांघरूण जाळणार, घराला चुना फासणार. राहायला अयोग्य ठरवलेल्या घरावर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरं रंगवायचे. मग कोण सांगेल हो घरात आजारी आहे म्हणून? ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आयुक्त स्नो यांना दुसरीच धास्ती होती : हलालखोर, म्हणजे शहराची घाण उचलणारे, पळून गेले तर मुंबई कोण झाडणार? नियम सैल झाले. लोक मात्र शहर सोडतच राहिले. १८९१ च्या जनगणनेत मुंबई सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, आणि त्या हिवाळ्यात लाखो लोक गावाकडे निघाले. आता मरणाचा दर काढायचा तर भागायचं कशाने? वर मृत्यूचा आकडा खोटा, खाली लोकसंख्येचा आकडा रिकामा.

मग एक साधी युक्ती उरते. कारण काहीही लिहा, ‘ताप’ लिहा, ‘दमा’ लिहा, मेलेलं माणूस स्मशानात किंवा कबरस्तानात जातंच. या आठवड्यात एकूण मेले किती आणि दरवर्षी याच आठवड्यात मरतात किती, एवढी वजाबाकी करायची. प्लेगच्या खात्यात दाखवलेले मृत्यू आणि ही वजाबाकी यांच्यात मोठी तफावत पडत होती. लपलेला प्लेग त्या तफावतीत होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले आणि पुढचं आपण शाळेत शिकलोय. शोध जितका कडक, तितकं लपवणं जास्त. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही विणकरांच्या वस्तीत झडतीवरून दंगल पेटली.

खरी गंमत नंतर झाली. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) उंदीर तपासायला सुरुवात केली. शहरभरातून हजारो उंदीर येत, कुठे सापडला याच्या नोंदीसकट. त्यातून क्रम दिसला : आधी गटारातले उंदीर मरतात, काही दिवसांनी घरातले, आणि त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसं. म्हणजे माणसाला न विचारता, त्याचं दार न फोडता, कोणत्या पेठेत साथ येणार हे आधी कळायला लागलं. उंदराला जातही जायची भीती नाही आणि नोकरीही.

कोविडमध्ये काही शहरांनी सांडपाण्यातला विषाणू मोजला, ती याच घराण्यातली कल्पना. आणि वजाबाकीसुद्धा परत आलीच. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने एका दिवसात जुने १,३२८ मृत्यू यादीत घातले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. २०२०-२१ साठी जागतिक आरोग्य संघटनेने भारताचे जादा मृत्यू ४७ लाख धरले. सरकारी नोंद पाच लाखांच्याही आत होती. सरकारने तो अंदाज नाकारला. बरं, नाकारा. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात स्मशानभूमीच्या रजिस्टरात किती नावं चढली आणि २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये किती, हे नगरपरिषदेत जाऊन पाहता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तुमच्या गावाचा आकडा कुणी काढला असेल तर कमेंटमध्ये टाका, दोन्ही वर्षांचा.