कार्टर यांची सही आणि बादलीभर बिअर

१४ ऑक्टोबर १९७८. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका रुक्ष विधेयकावर सही केली. विषय होता काही ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांवरील अबकारी कराचा. त्याच विधेयकाला कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी एक दुरुस्ती जोडली होती. प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या घरी, विक्रीसाठी नव्हे तर पिण्यापुरती बिअर केली, तर तिच्यावर केंद्राचा कर लागणार नाही. एकच प्रौढ असलेल्या घराला वर्षाकाठी १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे ३७८ आणि ७५७.

या सहीभोवती पुढे एक आख्यायिका उभी राहिली. कार्टर यांचे हसरे छायाचित्र आणि ‘या माणसाने अमेरिकेची बिअर वाचवली’ अशा आशयाचा मजकूर आजही समाजमाध्यमांवर फिरत असतो. स्वतः कार्टर मद्याच्या बाबतीत अगदीच मिताहारी. त्यांच्या बंधूंच्या नावाची ‘बिली बिअर’ मात्र १९७७ मध्येच बाजारात आली होती, हा योगायोग आख्यायिकेच्या पथ्यावर पडला.

आख्यायिका साफ खोटी नाही. पण तिच्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. ती उलगडण्यासाठी आधी बादलीत काय घडते ते पाहावे लागते, आणि मग इंग्लंडकडे वळावे लागते.

जवाला मोड आणून ते भाजले की माल्ट तयार होतो. भरडलेला माल्ट कोमट-गरम पाण्यात मुरवला की पिष्टाची साखर होते. हा गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तासभर उकळायचा, थंड करायचा आणि त्यात किण्व, म्हणजे यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कर्बवायू देते. दोनेक आठवड्यांनी बिअर बाटल्यांत भरताना चिमूटभर साखर घातली की बंद बाटलीत पुन्हा थोडे आंबवण होते आणि फेस येतो. साखरेचा अंदाज चुकला, किंवा आंबवण पुरते होण्याआधीच घाई केली, तर बाटली फुटते. हौशी मंडळींचा नेहमीचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे एका मोठ्या बादलीचा.

आज अनेकांना हा उन्हाळी सुट्टीतला छंद वाटतो. इतिहासात मात्र उन्हाळा हा बिअरचा शत्रू होता. बहुतेक यीस्टला २० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. पारा तिशीकडे गेला की ते पिसाटल्यासारखे काम करते, घशाला झोंबणारी जड अल्कोहोले निर्माण करते, आणि आंबट करणारे जीवाणू फोफावतात. म्हणूनच बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास सरळ बंदी घातली होती. उन्हाळ्यात प्यायची बिअर थंडीत करून तळघरात साठवायची, हीच रीत. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र आले आणि कारखान्यांपुरता ऋतूंचा हा पहारा उठला.

घरच्या बादलीला शीतयंत्र कुठले? तिच्यासाठी हौशी लोक आजही पाण्याच्या परातीत बादली ठेवतात, तिला ओले कापड गुंडाळतात आणि पंखा लावतात. उन्हाळ्यात माठाभोवती ओले फडके गुंडाळणाऱ्या मराठी घराला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी तर वेगळाच मार्ग जपला. त्यांचे ‘क्वाइक’ नावाचे घराणेदार यीस्ट ३० ते ४० अंशांतही सुखाने काम करते. लाकडी कड्यांवर वाळवून ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले आणि गेल्या काही वर्षांत जगभरच्या उन्हाळी हौशींच्या हाती आले.

पण घरातली बिअर घरातून गेली ती उन्हाळ्यामुळे नव्हे. ती करामुळे गेली.

इंग्लंडमध्ये १६९७ साली माल्टवर कर बसला. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात त्याचा दर कैक पटींनी वाढला. विल्यम कॉबेट या तिखट लेखणीच्या पत्रकाराने १८२१-२२ मध्ये ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक लिहिले, ते शेतमजुरांच्या घरातली बिअर नाहीशी होत असल्याच्या संतापातूनच. त्याच्या मते दोष माल्ट आणि हॉप्स यांवरील करांचा होता. आणि बिअरची जागा घेणारा चहा त्याला पोषणशून्य, आळस लावणारा वाटे. चहाविषयीचे त्याचे मत आज हसण्यावारी न्यावे. कराविषयीचे मात्र नेमके होते. ज्याच्या हाती रोख पैसा नाही, त्याला महागलेला माल्ट विकत घेणे परवडत नाही. तो मग पेलाभर बिअर दुकानात जाऊन पितो. घरात स्वयंपाकाबरोबर होणारे बायकांचे एक काम अशा रीतीने बाहेर गेले.

१८८० मध्ये ग्लॅडस्टन पंतप्रधान होते आणि अर्थखातेही त्यांच्याकडेच होते. त्यांनी माल्टकर रद्द केला आणि कर काढ्याच्या घनतेवर बसवला. कारखानदारांना हे सोयीचे झाले. घरगुती बिअरवर मात्र आता परवाना आला. विकायची नाही, घरीच प्यायची, तरीही सरकारदरबारी नोंद हवी. घर मोठे असेल तर वर कर. स्वयंपाकघरातले एक भांडे महसूल खात्याच्या वहीत चढले.

त्याच साम्राज्यात, दोनच वर्षे आधी, मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा लागू झाला होता. तिथे प्रश्न बिअरचा नव्हता. कोकणातल्या माडीचा आणि मोहाच्या दारूचा होता. माडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर आला, दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. जे फूल डोंगरातल्या आदिवासींचे अन्नही होते, ते घरात सापडणे हाच संशय ठरला. इंग्लिश मजुराला परवान्याचा कागद, कातकऱ्याला झडती : तत्त्व एकच, वागणूक वेगळी. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नाव बदलून तो महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि त्यानुसार परवान्याविना घरी बिअर करणे हा गुन्हाच आहे. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी उघडली; तीही अर्थात परवाना घेऊन.

इंग्लंडमधला तो परवाना ८३ वर्षे टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतरही साखरेचे रेशनिंग १९५३ पर्यंत चालले. ते उठताच घरगुती फळांच्या वाइनचे मंडळ गावोगावी निघू लागले, कारण वाइनला परवाना लागत नव्हता. सी. जे. जे. बेरी यांनी १९५७ मध्ये या हौशींसाठी मासिक सुरू केले. एप्रिल १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी बिअरचा परवानाही रद्द केला. त्यात कोणतीही क्रांती अभिप्रेत नव्हती. त्यातून मिळणारे उत्पन्न नगण्य होते, इतकेच. पण परिणाम मोठा झाला. काही वर्षांतच ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानमालिकेत खोकल्याच्या औषधाशेजारी घरी बिअर करण्याचे साहित्य मिळू लागले.

त्यातलाच एक संच जॅक मॅकॉलिफ नावाच्या अमेरिकन तरुणाने विकत घेतला.

मॅकॉलिफ अमेरिकेच्या नौदलात होता आणि १९६० च्या दशकात स्कॉटलंडमधील होली लॉक येथील पाणबुड्यांच्या तळावर नेमणुकीस होता. स्थानिक पबमधली गडद, चवदार बिअर त्याला आवडली. मायदेशी असली काही मिळणार नाही, हे तो जाणून होता. मग ती स्वतः करायला शिकणे भाग होते, आणि ब्रिटनमध्ये आता ते कायदेशीर होते.

अमेरिकेत ते कायदेशीर का नव्हते? १७ जानेवारी १९२० रोजी देशभर दारूबंदी सुरू झाली. घरी फळांचा रस करण्याची मुभा कायद्यात होती आणि तिच्या आडून घरोघरी वाइन झाली. बिअरला ती मुभा नव्हती. तरीही माल्टच्या पाकाचे डबे वाण्याकडे उघड मिळत. ते पावासाठी आहेत, अशी समजूत खरेदीदार, दुकानदार आणि सरकार तिघांनीही करून घेतली होती. बिअर करणे सोडलेले मोठमोठे कारखानेच हे पाक विकत होते. त्या काळच्या तळघरांत बाटल्या फुटल्याचे किस्से अमेरिकन कुटुंबांत अजून सांगितले जातात. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. घरगुती वाइनला २०० गॅलनांपर्यंत करमाफी मिळाली, बिअर राहून गेली. कारकुनाच्या हातून ते दोन शब्द टंकायचे राहिले, अशी एक कथा सांगतात. ती कथा म्हणूनच ऐकावी.

त्यामुळे पुढची ४५ वर्षे अमेरिकेत घरची बिअर बेकायदा होती, पण अधिकारी सहसा कानाडोळा करीत. १९७० मध्ये ओरेगॉनमधील फ्रेड एकहार्ट यांनी घरी लागर बिअर कशी करावी यावर पुस्तिका काढली, १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात ‘माल्टोज फाल्कन्स’ नावाचे मंडळ निघाले. बेकायदा कृत्याचे पाठ्यपुस्तक आणि त्याची सभासद-यादी, दोन्ही उघड!

मॅकॉलिफने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे ‘न्यू अल्बियन’ ही चिमुकली ब्रुअरी काढली. नवी यंत्रे परवडत नव्हती. डेअरीची जुनी भांडी आणि भंगारातून मिळवलेले साहित्य जोडून त्याने ती स्वतः उभारली. त्याच वर्षी चिको शहरात केन ग्रॉसमन या तरुणाने घरी बिअर करणाऱ्यांसाठी साहित्याचे दुकान उघडले. तो न्यू अल्बियन पाहून गेला आणि १९८० मध्ये त्याने ‘सिएरा नेवाडा’ सुरू केली, तीही डेअरीच्या भांड्यांवरच.

आता तारखा जुळवून पाहाव्यात. न्यू अल्बियन १९७६ ची. कार्टर पदावर आले जानेवारी १९७७ मध्ये. लहान ब्रुअऱ्यांना खरा आर्थिक दिलासा दिला तो त्यांच्या आधीच्या जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने. १९७६ च्या त्या कायद्याने लहान उत्पादकांच्या पहिल्या ६०,००० बॅरलवरील कर ९ डॉलरवरून ७ डॉलरवर आणला. फोर्ड यांचे छायाचित्र मात्र कोणी फिरवत नाही.

मग कार्टर यांच्या सहीने काय केले? १ फेब्रुवारी १९७९ पासून ती अमलात आली आणि भीती गेली. बोल्डर येथे लोकांना बिअर करायला शिकवणाऱ्या चार्ली पापाझियन यांनी चार्ली मॅट्झेन यांच्यासह डिसेंबर १९७८ मध्येच हौशींची राष्ट्रीय संघटना स्थापली आणि मासिक काढले. पापाझियन यांचे शिक्षण अणुअभियांत्रिकीचे. १९८४ चे त्यांचे पुस्तक या छंदाची जणू गाथा ठरले. आता स्पर्धा उघडपणे भरू लागल्या, दुकाने वाढली, एकाची चूक दुसऱ्याला कळू लागली. १९७० च्या दशकाअखेरीस त्या देशात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. आज त्या नऊ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांची सुरुवात घरच्या पाच गॅलनच्या बादलीतून झाली. म्हणजे सहीने चळवळ जन्माला घातली नाही. चालत असलेल्या चळवळीच्या मागचा पोलीस तेवढा दूर केला.

तोही सगळीकडून नव्हे. दारूबंदी उठवणाऱ्या दुरुस्तीने मद्यावरचा बराच अधिकार राज्यांना दिला होता. त्यामुळे केंद्राने परवानगी दिली, तरी राज्य नकार देऊ शकत होते. अलाबामा आणि मिसिसिपी ही अखेरची दोन राज्ये. तिथे घरची बिअर कायदेशीर झाली २०१३ मध्ये. घरी दारू गाळण्यास, म्हणजे ऊर्ध्वपातनास, केंद्राच्या त्या सुधारणेने हातही लावला नव्हता.

मॅकॉलिफची ब्रुअरी फार काळ चालली नाही. वाढीसाठी भांडवल मिळेना आणि १९८२ मध्ये न्यू अल्बियन बंद पडली. तो त्या व्यवसायातून बाहेर पडला. २०१३ मध्ये, अलाबामात घरची बादली मोकळी झाली त्याच वर्षी, ‘सॅम्युअल ॲडम्स’ बिअरचे निर्माते जिम कॉक यांनी मॅकॉलिफला बोलावून त्याच्या जुन्या कृतीने न्यू अल्बियन एल पुन्हा केली आणि तिचा नफा त्याला दिला.