जेरबंद: घोड्याची मान कोणी वाकवली?

“बिबट्या जेरबंद”, “दरोडेखोर जेरबंद”. मराठी वर्तमानपत्र उघडलं की आठवड्यातून एकदा तरी हा शब्द भेटतोच. पण बिबट्याच्या कितीतरी आधी जेरबंद होत होता तो घोडा. फारसीत ‘झेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे पट्टा. घोड्याच्या पोटाला आवळलेल्या तंगापासून निघून पुढच्या दोन पायांमधून वर येणारी आणि तोंडावरच्या साजाला बांधली जाणारी कातडी वादी म्हणजे जेरबंद. मोल्सवर्थच्या कोशात याचा अर्थ मार्टिंगेल असाच दिला आहे. ही वादी आखूड बांधली की घोड्याला डोकं वर उचलता येत नाही. ‘जेरीस आणणे’ यातला जेरही तोच.

घोड्यांच्या इतिहासावर काम करू पाहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना मी हा शब्द मुद्दाम आधी दाखवते. कारण आपली बहुतेक साधनं घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाने तयार केलेली आहेत. बखर स्वाराची, हिशेब पागेचा, चित्र राजाचं. घोड्याच्या तोंडात काय चाललं होतं हे शोधायचं तर असल्या चामड्याच्या तुकड्यांमागेच जावं लागतं.

अक्कलकोट म्हटलं की आज आपल्याला स्वामी समर्थ आठवतात, फार तर भोसल्यांचं शस्त्रागार. पण अक्कलकोट संस्थानाच्या कागदी इतिहासात घोडा अगदी मध्यभागी आहे. पेशवाई बुडाल्यावर हे संस्थान साताऱ्याच्या राजाकडे गेलं आणि ठरावीक घोडदळ पुरवणं ही त्याच्यावरची मुख्य जबाबदारी होती. 1849 मध्ये सातारा खालसा झालं तेव्हा अक्कलकोट थेट ब्रिटिशांच्या अंकित आलं. 1866 मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन ब्रिटिशांनी कारभार ताब्यात घेतला आणि 1868 मध्ये घोडदळच मोडलं. त्याऐवजी वर्षाला 14,592 रुपये रोख भरायचे ठरले. घोड्यांच्या जागी एक आकडा आला!

आता इथे एक सुबक गोष्ट रचण्याचा मोह होतो. मोहिमेवरच्या घोड्याला मान मोकळी लागते. दख्खनच्या दगडधोंड्यांतून दिवसभर चालायचं तर त्याला जमीन दिसली पाहिजे, मान पुढे-मागे करून तोल सांभाळता आला पाहिजे. घोडदळ मोडल्यावर उरले ते दसऱ्याच्या स्वारीचे, वरातीचे घोडे. मिरवणुकीत ऐट हवी. म्हणून मान कमानीसारखी वाकवली, हनुवटी छातीशी आणली, जेरबंद आवळला. म्हणजे 1868 नंतर घोड्याची मान वाकली. छान वाटतं ना? प्रबंधाचं एक प्रकरण तयार.

पण मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी 1857 ची आहे. म्हणजे घोडदळ शाबूत होतं, पागा भरलेल्या होत्या, तेव्हाच जेरबंद मराठीत पक्का मुरलेला होता. दख्खनी लघुचित्रांतही कमानदार मानेचे घोडे त्याच्या फार आधीपासून दिसतात. त्यामुळे ‘आधी उपयोग, मग दिखावा’ हा क्रम टिकत नाही. गोष्ट सरळ असली की तारखा आधी तपासाव्यात, एवढं तरी यातून घ्या. चित्रांचंही तसंच. कमानदार मान हा चित्रकाराचा ठरलेला साचा असू शकतो. घोडा रोज तसाच चालत होता असं त्यावरून म्हणता येत नाही. त्याच चित्रात छातीवरून गेलेला पट्टा दिसतो का, लगाम ताणलेला आहे की सैल, तोंड उघडं आहे की मिटलेलं, हे बघावं. साच्यापेक्षा असे तपशील जास्त बोलतात.

मग जेरबंद लागत का होता? चाबूकस्वार म्हणेल, घोडा डोकं वर फेकतो म्हणून. खरंच फेकतो. पण का फेकतो? आपल्याकडे काटेरी लगाम सर्रास वापरात होते. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक त्याबद्दल पुन्हा पुन्हा तक्रार करतात. जिभेला काटे टोचले की घोडा डोकं वर करून सुटायला बघणारच. मग ते डोकं खाली बांधून ठेवायला वादी. म्हणजे एका साजाने दिलेलं दुखणं दुसऱ्या साजाने दाबायचं. 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटे असलेल्या लगामांवर बंदी घातली, तरी वरातीच्या घोड्याच्या तोंडात काय आहे ते एकदा वाकून बघाच.

इंग्रजांची ती तक्रार वाचताना मात्र सावध राहा. ‘नेटिव्ह क्रूर, साहेब दयाळू’ असा तिचा सूर असतो. त्याच काळात लंडनच्या गाडीघोड्यांची डोकी फॅशनपायी वर ताणून बांधली जात होती. ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ (1877) ही कादंबरी त्या पट्ट्याविरुद्धच उभी राहिली. फ्रान्समध्ये बोशेची 1842 ची पद्धत मान आत वळवण्यावर भर देत होती आणि तिच्यावर तिथेच कडाक्याचे वाद झाले. म्हणजे दोष एका देशाच्या माथी मारता येत नाही. घोड्याची वाकलेली मान माणसाला आज्ञाधारक आणि देखणी वाटते, हा मोह सगळीकडचा.

आजच्या ड्रेसाज स्पर्धांचा नियम स्पष्ट आहे: घोड्याचा माथा, म्हणजे कानांमागचा भाग, सगळ्यात उंच आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे. तरीही हनुवटी छातीला टेकवून सराव करून घेण्याची पद्धत इतकी पसरली, की 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाला बळाने मान वाकवण्यावर बंदी घालावी लागली. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आपल्यासारखा तोंडाने घेऊ शकत नाही. मान घट्ट वळली की घशाजवळचा श्वासमार्ग अरुंद होतो. समोरचं दिसणंही कमी होतं. 2023 मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्यासाठीही फक्त परदेशातला राहिलेला नाही.

तुलनेसाठी सोलापूर जिल्ह्यातच एक सोय आहे. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचं रिंगण होतं, तेव्हा दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा, माउलींचा. एकच रिंगण, एकच वेग, पण एका पाठीवर माणूस आणि दुसऱ्या पाठीवर कोणी नाही. यातलं सगळ्यात साधं निरीक्षण कॅमेऱ्यात धरता येतं: दोघांची नाकं उभ्या रेषेच्या पुढे किती आहेत?

आणि जुन्या काळासाठी मोडी शिकाच. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. पागेच्या खर्चाचे कागद हातात आले की दाणा-वैरणीच्या रकमांवर थांबू नका. लगाम, तंग, जेरबंद, दुमची किती आणि कोणत्या घोड्यांसाठी घेतले, ते वेगळं टिपा. जेरबंद सगळ्या घोड्यांना होता की फक्त खाशांच्या स्वारीच्या घोड्यांना, हे त्या यादीतूनच कळेल.