याजकत्व, ख्रिस्ती

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव आणि माणूस यांच्यामधला खरा याजक एकच, येशू ख्रिस्त. त्याच्या याजकत्वात मंडळीला मिळणारा वाटा म्हणजे ख्रिस्ती याजकत्व. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला हा वाटा मिळतो, हे बहुतेक पंथ मानतात. दीक्षित धर्मगुरूला त्याहून निराळे काही मिळते का, हा वादाचा मुद्दा आहे.

बायबलमधील आधार : जुन्या करारात अहरोनाचे वंशज वेदीवर बली अर्पण करीत. ‘इब्री लोकांस पत्र’ ख्रिस्ताला जुन्या करारातील याजक-राजा मलकीसदेकाच्या परंपरेतला प्रमुख याजक मानते. त्याने एकदाच स्वतःचे अर्पण केले आणि जुन्या यज्ञांचे प्रयोजन संपले, असा या पत्राचा युक्तिवाद आहे. पेत्राचे पहिले पत्र सगळ्या श्रद्धावंतांनाच याजकगण म्हणते. स्थानिक मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना नवा करार वडील, अध्यक्ष, सेवक म्हणतो, याजक म्हणत नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या लेखनात मात्र वेदीवर ख्रिस्ताच्या जागी उभा राहून अर्पण करणारा याजक स्पष्ट दिसतो.

दीक्षित याजकत्व : कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत दीक्षा हा संस्कार असून बिशप, धर्मगुरू आणि डीकन या त्याच्या तीन पायऱ्या आहेत. धर्मगुरूच्या दीक्षेच्या कॅथलिक विधीत उमेदवार वेदीपुढे पालथा पडतो आणि जमलेले लोक संतांना आळवतात. मग बिशप एकही शब्द न उच्चारता त्याच्या मस्तकावर हात ठेवतो. हजर असलेले धर्मगुरूही एकामागून एक तसेच करतात. दीक्षेच्या प्रार्थनेनंतर त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावले जाते. मिस्सा (भाकर व द्राक्षारसाचा उपासनाविधी) अर्पण करणे आणि कबुलीजबाब ऐकून पापक्षमा देणे हे अधिकार या दीक्षेतून येतात. लॅटिन परंपरेत धर्मगुरू सहसा अविवाहित असतात. ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुषाला दीक्षा मिळू शकते.

प्रापंचिकांचे (दीक्षा न घेतलेल्यांचे) स्थान : कॅथलिक नियमानुसार निकडीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. लॅटिन परंपरेत विवाहसंस्कार वधूवरच एकमेकांना देतात, धर्मगुरू मंडळीच्या वतीने साक्षी असतो. या अधिकाराची सीमा कोरियात कसाला लागली. यी सुंग-हून १७८४ मध्ये बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परतला आणि प्रापंचिकांनीच कोरियातली मंडळी उभी केली. त्यांनी आपल्यातूनच काहींना याजक नेमून मिस्साही सुरू केली. पुढे आपल्या अधिकाराबद्दल शंका आली तेव्हा त्यांनी बीजिंगच्या बिशपांना विचारले आणि उत्तर आल्यावर मिस्सा थांबवली. बाप्तिस्मा देण्याचे काम मात्र चालू राहिले. झोउ वेनमो हा चिनी धर्मगुरू कोरियात पोहोचला तोवर श्रद्धावंतांची संख्या हजारांत गेली होती.

धर्मसुधारणा आणि नंतर : मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत सर्व बाप्तिस्मितांचे याजकत्व मांडले. चांभार, लोहार, शेतकरी आणि बिशप यांच्यात फरक कामाचा आहे, दर्जाचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये दीक्षा हा संस्कारच असल्याचे ठासून सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये दोन्ही बाजू एकत्र मांडल्या : बाप्तिस्मितांचे आणि दीक्षितांचे याजकत्व परस्परांसाठी आहे, पण त्यांच्यातला फरक केवळ कमीअधिकपणाचा नसून मूलतःच आहे. स्त्रियांच्या दीक्षेबाबतही वाटा वेगळ्या झाल्या. चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये स्त्रियांना याजकपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मंडळीला तसा अधिकारच नसल्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात : वसईचे कॅथलिक याजकाला ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’ म्हणतात, तर प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळकसाहेब’ असतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघातले बंधू होते, दीक्षित धर्मगुरू नव्हते. १५९७ मध्ये नागासाकीत ते हुतात्मा झाले. कवी नारायण वामन टिळक दीक्षित पाळक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली.