एकाच ध्वनिपट्टीवरचे गाणे

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. पार्श्वगायन १९३५ च्या 'धूप छाँव' पासून रूढ होत गेले. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि वादक कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसून साथ करीत.

गळा आणि साथ एकत्रच मुद्रित होत असत. मग तबला गाण्यावर चढू नये म्हणून काय करायचे? वादकाला मायक्रोफोनपासून दूर बसवायचे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते, म्हणजे सुमारे ६ डेसिबलने घटते. हेच तेव्हाचे मिश्रण. ते गाण्याआधीच ठरवावे लागे, कारण मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नसत.

पुढे चुंबकीय फितीवर प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर घेता येऊ लागले. निर्णय लांबणीवर टाकता आला, पण कामही वाढले. तेथे स्वयंचलित साधने उपयोगी पडली. कॉम्प्रेसर ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडचा आवाज आपोआप दाबतो. १९७० च्या दशकातील नीव्ह कंपनीची 'नेकॅम' यंत्रणा तंत्रज्ञाने सरकवलेल्या कळांच्या हालचाली लक्षात ठेवून पुन्हा तशाच करी. २०१६ साली आलेले 'न्यूट्रॉन' हे संगणकीय साधन मात्र आवाज तपासून स्वतःच सुरुवातीची मांडणी सुचवू लागले.

पहिले साधन आज्ञा पाळते, दुसरे आठवण ठेवते, तिसरे अंदाज बांधते. अंदाजाने वेळ वाचतो. पण लावणीत ढोलकी क्षणभर गळ्यापुढे यावी आणि अभंगात शब्द स्पष्ट राहावेत, हे केवळ डेसिबल मोजून कळत नाही. त्यासाठी गाणे समजावे लागते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. टाळ एकाच जोराने आधी एक व मग दोन मीटरवरून वाजवून मोबाइलवर मुद्रित करा. आवाजाची पातळी आपोआप सावरणारी सोय चालू असेल, तर दोन्ही आवाज अपेक्षेपेक्षा सारखे वाटतील. या सोयीने काय मिळवले आणि काय पुसले, हे विद्यार्थ्यांना विचारावे.