आंटीचा गुत्ता

एप्रिल १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली आणि शहरातले रीतसर गुत्ते बंद पडले. दारू मात्र चाळीच्या मागच्या खोलीत गेली, कोळीवाड्याच्या बोळात गेली, वांद्र्याच्या आणि माहीमच्या जुन्या कौलारू घरांत गेली. पुढची वीस-बावीस वर्षं मुंबईतला पिणारा माणूस ‘आंटीकडे’ जात राहिला. बाहेर पाटी नसे. ओळखीचं कुणी सोबत असलं तरच दार उघडे. आत एखादं बाकडं, भिंतीवर येशूची तसबीर, बशीत उकडलेली अंडी किंवा चणे, आणि पेल्यात नवटाकभर गावठी. घरातली मुलं त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात अभ्यासाला बसलेली असत.

या बंदीची मुळं मागे जातात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने गावोगावच्या भट्ट्या मोडल्या आणि दारू गाळणं मक्त्याच्या कारखान्यांकडे दिलं. ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांवर कर चढले. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं साठवण्यावरही बंधन आलं. महसूल सरकारचा आणि गुन्हा गावकऱ्याचा, ही वाटणी तेव्हापासूनची. स्वातंत्र्य चळवळीने दारूच्या दुकानांवर पिकेटिंग केलं, त्यामागे या महसुलाविषयीचा रागही होता. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि दारूच्या धंद्यात पारशी मोठ्या संख्येने, त्यामुळे त्यांच्याच समाजातून कडाडून विरोध झाला. तो प्रयोग फार टिकला नाही. युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला.

दुसरा प्रयत्न पक्का होता. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते, पुढे १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. गिरणीकामगाराचा पगार गुत्त्यावर उडतो आणि घरी बायकामुलं उपाशी राहतात, हे चित्र खरंच होतं. पण कायद्याला दोन दारं ठेवली गेली. डॉक्टरचा दाखला आणि सरकारचा परवाना असलेल्याला, ‘प्रकृती टिकवण्यासाठी’, विलायती दारू मिळू शकत होती. परवाना मिळवायला ओळख लागे, पैसा लागे, अर्ज लिहिता यावा लागे. परळ-लालबागच्या कामगाराकडे यातलं काहीच नव्हतं. तो दुसऱ्या, आंटीच्या दाराने गेला.

एफ. एन. बलसारा या पारशी गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं मात्र बंदीतून वगळली. त्या निकालाची वाट पाहिल्यासारखी एक नवी तहान मुंबईत उभी राहिली. आल्याचं टिंक्चर औषधाच्या दुकानांतून बाटल्यांनी खपू लागलं. कोलन वॉटर प्यायलं जाऊ लागलं. ज्यांना तेही परवडेना ते लाकडाला लावायच्या फ्रेंच पॉलिशकडे वळले.

आंटीचा गुत्ता यापेक्षा सुरक्षित, निदान घरगुती. ‘आंटी’ म्हटलं की सिनेमाने झगा घातलेली ख्रिस्ती बाई डोळ्यांसमोर उभी केली. प्रत्यक्षात या धंद्यात सगळ्या जातिधर्मांच्या बायका होत्या, आणि एका समाजाच्या माथी तो कायमचा मारला गेला हा अन्यायच झाला. तरी गोवेकर आणि ईस्ट इंडियन घरांत त्याला एक आधार होता, हेही खरं. लग्नाकार्याला मसाल्याचं गरम खिमाड करणं ही ईस्ट इंडियनांची जुनी रीत. गोव्याकडे काजूची फेणी घरोघर माहीत होती आणि १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे असल्याने तिथे बंदी नव्हती. दारू हे घराच्या स्वयंपाकाचंच एक अंग असलेल्या घरात, नवरा आगबोटीवर किंवा वारलेला, हाती दुसरं कौशल्य नाही, अशा बाईने चार पेले भरून विकले तर त्यात नवल नाही. तिच्याकडे येणाऱ्यांत कारकून असत, वाजंत्री असत, वार्ताहर असत, आणि गल्लीतले दादाही असत. बाकडं सगळ्यांना एकच.

माल यायचा शहराच्या कडेवरून. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात कुजवून रसायन करायचं, ते भट्टीवर चढवायचं, आणि पहिल्या धारेची वेगळी काढून जास्त भावाने विकायची. त्यासाठी लागे पाणी, सरपण आणि पोलिसांची वाट अडवणारी दलदल. धारावीच्या आणि माहीमच्या खाडीकाठी, ठाणे-वसईच्या खारफुटीत हे तिन्ही होतं. रसायनाची पिंपं चिखलात पुरली जात, खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवली जात. तयार दारू मोटारीच्या चाकांच्या ट्यूबांत भरून शहरात येई. कधी ट्यूब बाईच्या अंगाला बांधलेली असे, वरून लुगडं.

हप्ता ठरलेला असे. गुत्ता कुठे आहे हे हवालदाराला माहीत, गल्लीला माहीत, मुलांनाही माहीत. लपवाछपवी होती ती कागदावरच्या नोंदीपुरती. छाप्याची आगाऊ वर्दी हाच खरा विकतचा माल होता, आणि ती ज्याच्या हाती तो धंद्याचा मालक. आंटी एका खोलीपुरती राहिली. तिच्या वरती भट्टीवाले, वाहतूकवाले आणि हप्ता गोळा करणारे यांची उतरंड चढत गेली.

तुतिकोरीनहून आलेला वरदराजन मुदलियार हा त्या उतरंडीच्या टोकाला पोहोचलेला माणूस. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदा सायन कोळीवाडा, अँटॉप हिल आणि धारावीच्या हातभट्टीवर मोठा झाला, आणि माटुंग्याच्या स्टेशनजवळ त्याचा गणपती थाटात बसू लागला. ऐंशीच्या दशकात पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांनी त्याच्या अड्ड्यांवर सतत छापे घातले तेव्हा तो मद्रासला निघून गेला. जानेवारी १९८८ मध्ये तिथेच वारला. डोंगरीकडे जेनाबाई दारूवाली होती. रेशनच्या टंचाईत धान्याच्या काळ्या बाजारातून सुरुवात केलेल्या या बाईने दारूत नाव काढलं. तिच्या घरी गुंड येत आणि पोलीसही येत. दोघांच्या बातम्या तिच्याजवळ असत. मुंबईच्या अंडरवर्ल्डचा इतिहास सोन्याच्या तस्करीपासून सांगायची सवय आहे. हप्त्याची घडी, इलाख्यांची वाटणी आणि खबऱ्यांचं जाळं या तीनही गोष्टी त्या काळात गावठीच्या धंद्यात रोजच्या रोज वापरात होत्या, म्हणून ती कथा नवटाकाच्या पेल्यापासूनही सांगायला हवी.

१९६३ मध्ये केंद्राच्या योजना आयोगाने न्या. टेकचंद यांच्या अध्यक्षतेखाली दारूबंदीचा अभ्यासगट नेमला. इकडे मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्राने बंदी सैल करायला सुरुवात केली, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारू पुन्हा परवान्याच्या दुकानांत आली. आंटीचं गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं. १९४९ चा कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो आणि बारच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं.

हातभट्टी सरली नाही, ती अधिक विषारी झाली. गूळ आंबवायला दिवस लागतात, कारखान्यातलं मिथेनॉल पाण्यात मिसळायला मिनिटं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. आधी दृष्टी जाते, मग जीव. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत असली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले होते. परवान्याच्या दुकानातली देशी कर भरून आलेली असते, आणि तिच्यापेक्षा ही पिशवीतली दारू त्यांना स्वस्त पडत होती.